ईडलिंबाच्या वासापर्यंत: सोलापुरात एका आयपीएच्या कॅनचे दहा आठवडे

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार. जेवणाच्या सुट्टीत विषय निघाला म्हणून तारीख पक्की लक्षात आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी हिशेब बघते. आमचा एक सहकारी नुकताच पुण्याहून आला होता आणि तिथे प्यायलेल्या आयपीए प्रकारच्या एका बियरबद्दल सांगत होता. "मॅडम, त्यात फळ-बिळ काही घातलेलं नसतं. नुसत्या एका फुलाचा वास. पण वाटतं, शेजारी बसून कुणीतरी संत्रं सोलतंय." बाकीचे दुसऱ्या विषयाकडे वळले. माझ्या डोक्यातून मात्र ते सोललेलं संत्रं दिवसभर गेलं नाही.

त्याला कारण आहे. एप्रिल २०२१ मध्ये मला कोविड झाला आणि वास गेला. ताप चार दिवसांत उतरला, वास मात्र पाच महिने आला नाही. फोडणी जळली तरी कळत नव्हतं. दूध नासलंय का, हे मुलाला विचारावं लागायचं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी चार वास दिले: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक वास वीस सेकंद घ्यायचा आणि घेताना तो पदार्थ मनात आणायचा. जर्मनीत ड्रेस्डेनच्या डॉ. थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये ही पद्धत रुग्णांवर करून पाहिली होती, हे मी नंतर वाचलं. माझा वास हळूहळू परतला, लवंग सगळ्यात आधी. तेव्हापासून वास ही माझ्यासाठी जपायची गोष्ट झाली आहे. बाजारात कोथिंबीर घेण्याआधी मी ती हुंगते, पुस्तक हुंगते, पहिल्या पावसात गच्चीवर जाऊन उभी राहते. त्यामुळे फळ न घालता फळाचा वास देणारी बियर असते, हे कळल्यावर ती एकदा तरी नाकाखाली धरायचीच, असं मनात बसलं.

मी तोवर दारू कधीच चाखलेली नव्हती. घरात कुणी घेत नाही. वय सदतीस, घरात सासूबाई, बारा वर्षांचा मुलगा, आणि गल्ली अशी की कुणाच्या दारात कोणती पिशवी आली हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत. हे सगळं कसं जमवलं ते लिहून ठेवते आहे. माहिती शोधताना मला एक तर पुण्या-मुंबईच्या पबचं कौतुक सापडत होतं, नाही तर दारूवरची भाषणं. मधलं काही हाती लागत नव्हतं.

आधी घर

नवऱ्याला त्याच रात्री सांगितलं. तो म्हणाला, "अगं, माझी काही हरकत नाही. पण आईला न सांगता नको." मलाही लपवून काही करायचं नव्हतं. लपवलं असतं तर वास घेताना सगळं लक्ष दाराच्या कडीकडे राहिलं असतं.

आईंना सांगायला मला पाच दिवस लागले. शनिवारी त्या शेंगा सोलत बसल्या होत्या, मीही शेजारी बसून सोलायला लागले आणि बोलून टाकलं. त्यांचे हात थांबले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "घरात देव आहेत."

"मग गच्चीवर बसते, आई."

"सोमवारी नाही. एकादशीला नाही. आणि पोरासमोर नाही."

सोमवार आमच्या ग्रामदैवताचा, सिद्धरामेश्वरांचा. आमच्या घरी त्या दिवशी कांदासुद्धा चिरत नाहीत. मी तिन्ही अटी मान्य केल्या. "आणि काय ते कायद्यानं," असं त्यांनी शेवटी जोडलं. पुढचा सगळा प्रवास त्या एका वाक्यामुळे घडला, नाहीतर परवान्याचं मला सुचलंही नसतं.

परवाना

महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला, जवळ ठेवायला आणि प्यायला परवाना लागतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मलाही नव्हतं. मूळ कायदा १९४९ चा, मुंबई दारूबंदी अधिनियम. आता त्याला महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात. परवाना राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो. एका दिवसाचा, एका वर्षाचा आणि आजीवन असे प्रकार आहेत. एका दिवसाचा अगदी किरकोळ पैशांत दुकानातच मिळतो. वर्षाचा शंभर रुपयांत, आजीवन हजारात. मी वर्षाचा घेतला. आयुष्यभराचं काही ठरवायची माझी तयारी नव्हती. आणि मनासारखा कॅन मिळेपर्यंत एकापेक्षा जास्त फेऱ्या होणार हे दिसत होतं, त्यामुळे एका दिवसाचा पुरला नसता. वयाचंही बघून घ्या: सौम्य बियर आणि वाइनला २१, बाकी मद्याला २५ पूर्ण लागतात.

१५ फेब्रुवारीच्या रात्री मोबाइलवरून अर्ज भरला. फोटो आणि सही ठरावीक केबीत बसवण्यातच अर्धा तास गेला. सही कोऱ्या पांढऱ्या कागदावर जाड काळ्या पेनाने करा आणि दिवसाच्या उजेडात फोटो काढा. माझी पहिली सही ट्यूबलाइटखाली राखाडी दिसत होती. पत्त्यासाठी आधार जोडलं, वयासाठी पॅन.

२० तारखेला अर्ज त्रुटी दाखवून परत आला. चूक माझीच होती. आधारवर सासरचं आडनाव आणि पॅनवर माहेरचं. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण पॅन बदलायचं राहूनच गेलं. त्या संध्याकाळी मला खरंच वाटलं की हा नाद सोडावा. एका बियरच्या वासासाठी कागदांशी कशाला झगडायचं? पण हिशेबाच्या कामात एक सवय लागलेली असते, परत आलेला कागद तसाच टेबलावर ठेवायचा नाही. २२ तारखेला वय आणि पत्ता दोन्हीसाठी आधारच जोडलं आणि अर्ज पुन्हा पाठवला. तुमच्या दोन कागदांवर दोन आडनावं असतील, तर आधीच एकच कागद दोन्हीकडे चालतो का ते बघा. माझा आठवडा वाचला असता.

४ मार्चला परवाना आला. प्रिंट काढून, घडी घालून पर्समध्ये ठेवला, मोबाइलमध्येही ठेवला. किती बाळगता येतं त्याची मर्यादा असते, ती वाचून घ्या. आईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून माझं नाव वाचलं आणि म्हणाल्या, "सरकारी आहे म्हणजे ठीक आहे."

याच काळात बंगळुरूला असलेल्या मैत्रिणीने "मी येताना दोन कॅन आणते" म्हणून आग्रह धरला होता. नको सांगितलं. कॅनवर "फक्त अमुक राज्यात विक्रीसाठी" असं छापलेलं असतं ते उगीच नाही. उत्पादन शुल्क राज्याराज्याचं वेगळं असतं, आणि कर्नाटकातली बाटली परवानगीशिवाय महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे. आपल्या परवान्याने तो माफ होत नाही. सोलापूरकरांना हे जास्त लक्षात ठेवावं लागतं, कारण आपल्याला विजापूर आणि गुलबर्गा पुण्यापेक्षा कितीतरी जवळ.

पहिला कॅन

८ मार्चला शहरातल्या चार वाइन शॉपांत विचारलं. तीन ठिकाणी आयपीए हा शब्दच नवा होता. काउंटरवरचे लोक वाईट वागले असं नाही, पण मी आत शिरले की बोलणं थांबायचं. जाणार असाल तर सकाळी अकरा-बाराला जा. गर्दी नसते, नीट विचारता येतं. चौथ्या दुकानात फळीवर एक कॅन सापडला, खिडकीजवळ, फ्रीजच्या बाहेर. दोनशे तीस रुपये. मला इतका आनंद झाला की मी कॅन उलटा करून बघितलाच नाही.

९ तारखेला रविवारी संध्याकाळी गच्चीवर बसून तो उघडला. नाक लावलं. काहीच नाही. परत लावलं. जुन्या पुठ्ठ्याचा ओलसर वास, दिवाळीनंतर माळ्यावरून खोके काढताना येतो तसा, आणि मागे काकवीसारखं काहीतरी गोडसर. चव कडू आणि चपटी. संत्रं कुठेच नव्हतं.

मी घाबरले. ही भीती ज्यांचा वास कधी गेला आहे त्यांनाच कळेल. ग्लास तिथेच ठेवला, खाली स्वयंपाकघरात गेले आणि मसाल्याच्या डब्यातली लवंग काढून चुरगाळली. लवंग आली. लिंबू कापलं. लिंबू आलं. निलगिरीच्या बाटलीचं झाकण उघडलं, तीही आली. मग ओट्याला टेकून थोडा वेळ नुसती उभी राहिले. नाक शाबूत होतं. कॅनच मेलेला होता.

बुडाखाली तारीख बघितली तेव्हा कळलं, भरून नऊ महिने झाले होते. ते नऊ महिने सोलापूरच्या उन्हात, पंख्याखालच्या फळीवर. उरलेली बियर मी मोरीत ओतली. पहिल्यांदा चाखताना तुम्हाला काही जाणवलं नाही, तर आधी तारीख बघा, मग स्वतःवर शंका घ्या.

मधले सहा आठवडे

या काळात मी वाचत राहिले. काही गोष्टी समजल्या आणि ग्लासातलं सगळं चित्रच बदललं.

आयपीए म्हणजे इंडिया पेल एल. पण भारताचा त्यात वाटा नाव देण्यापुरता, आणि गिऱ्हाईक म्हणून. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या पूर्वेला बो इथे जॉर्ज हॉजसनची ब्रुअरी, म्हणजे बियरचा कारखाना, होती, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या गोदीपासून जवळ. जहाजाच्या कप्तानांना तो लांबच्या उधारीवर पिंपं द्यायचा आणि ते ती कलकत्ता-मुंबईला साहेब लोकांना विकायचे. केप ऑफ गुड होपला वळसा घालून यायला कितीतरी महिने लागायचे. विषुववृत्त दोनदा ओलांडायचं आणि पिंपं तळात हिंदकळत राहायची. जास्त हॉप्स, म्हणजे वास आणि कडूपणा देणारी फुलं, घातलेली बियर त्यात टिकायची. खास भारतासाठी कुणी नवीन कृती शोधून काढली, ही गोष्ट मात्र खरी नाही. तशी भरपूर हॉप्सची, साठवून मुरवायची बियर इंग्लंडमध्ये आधीपासून होती. ती प्रवासात चांगली मुरते, हे कळल्यावर तिची मागणी वाढली. १८२० च्या दशकात बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावातल्या ऑलसॉप यांनी तशीच बियर केली आणि ती हॉजसनपेक्षा सरस ठरली. कारण काय, तर तिथलं पाणी. त्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम नावाचा क्षार भरपूर. अशा जड पाण्यात हॉप्सचा कडूपणा स्वच्छ आणि खणखणीत उतरतो.

हे वाचून मी नवऱ्याला हाक मारली. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की तुरीची डाळ शिजत नाही. वरणासाठी आम्ही नळाचं पाणी वेगळं भरून ठेवतो. आणि तिकडे एका गावाचं नाव जगभर झालं ते अशाच जड पाण्यावर! आजचे ब्रुअर मऊ पाण्यात मुद्दाम जिप्सम घालतात.

हॉप्स म्हणजे एका वेलाची फुलं. हिरवी, कागदी पाकळ्यांची, छोट्या शंकूसारखी. वेल थंड हवेतला. आपल्याकडे हिमाचलात लाहौलला लावतात. पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी पूड असते, सगळा वास आणि कडूपणा तिच्यात. जवाच्या पाण्यात फुलं तासभर उकळली की कडूपणा उतरतो आणि वास उडून जातो. म्हणून वासासाठी उकळी झाल्यावर, आंबवण चालू असताना किंवा संपल्यावर, थंड बियरमध्ये परत फुलं टाकतात. चहा उकळताना घातलेली वेलची आणि कपात वरून भुरभुरलेली वेलची यांत जो फरक, तोच.

हा वरून दिलेला वास मात्र फार नाजूक. हवा, उष्णता आणि उजेड हे त्याचे तीन शत्रू. काचेच्या बाटलीतून उजेड आत गेला की हॉप्समधला कडू भाग फुटतो आणि उग्र, जनावरासारखी घाण सुटते. कॅनमधून उजेड जातच नाही. म्हणून छोटे ब्रुअर आता कॅन पसंत करतात. कॅन म्हणजे स्वस्तातला माल असं मला वाटायचं, ते चुकीचं होतं. पण उष्णतेपासून कॅनही वाचवू शकत नाही. मला दुकानात मिळालेला कॅन असाच गेला होता.

३० मार्चला गुढीपाडवा आला. दरवर्षी कडुलिंबाचा कोवळा पाला, गूळ, हरभऱ्याची डाळ, ओवा, चिंच अशी चटणी आम्ही चिमूटभर खाऊन पाणी पितो. या वर्षी मी नुसता कोवळा पाला चार पानं चावला आणि गिळायची घाई केली नाही. कडू आधी जिभेच्या मागे लागतं, मग गालांत पसरतं, आणि साधारण मिनिटभराने त्यामागून हलकी गोडी येते. त्या मिनिटात तोंड वाकडं न करता थांबता आलं. आई बघत होत्या. म्हणाल्या, "कारल्याला तर नाक मुरडायचीस."

पुणे

१९ एप्रिलला दादाकडे हडपसरला भाचीचा वाढदिवस होता, म्हणून जाणं होतंच. कॅनसाठी वेगळी फेरी मी केली नसती. आपली सोय तशी जमत असेल तर उत्तम.

जाण्याआधी ओळखीच्या मेडिकलमधून थर्माकोलचा डबा आणला. लशी आणि इन्शुलिन ज्यात येतात तो. रिकामे डबे त्यांच्याकडे पडलेलेच असतात, मागितले की देतात. सोबत चार जेलच्या पिशव्या मिळाल्या. त्या वहिनीच्या फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवल्या.

दुकान शोधायचं काम वहिनीने केलं. पुण्यात आता बऱ्याच छोट्या ब्रुअरी आहेत. देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक २००९ मध्ये पुण्यातच सुरू झाली. मला हव्या असलेल्या ब्रुअरीचं नाव मी इथे लिहीत नाही, जाहिरात करायची नाही. छोटी आहे, कुठल्या मोठ्या कंपनीची नाही, स्वतःची बियर स्वतः कॅनमध्ये भरते. दुकानात मी पहिला प्रश्न विचारला, "फ्रीजमधलाच आहे ना? आणि तारीख कोणती?" दुकानदाराने काही न बोलता मागच्या रांगेतले कॅन काढून बूड वर करून दाखवलं. भरून फक्त तेवीस दिवस झाले होते. परवाना दाखवला, त्याने बघून परत दिला. ३३० मिलीचे चार कॅन, दोनशे दहाप्रमाणे आठशे चाळीस रुपये. बिल मागून घेतलं आणि परवान्याच्या प्रिंटला टाचणी लावली.

वहिनीने एक ग्लासही घ्यायला लावला. खाली फुगीर, वर जरा आत वळलेला, साडेतीनशेचा. ट्युलिपच्या फुलासारखा असतो. वास आत कोंडून राहतो. नसेल तर वाइनचा ग्लास चालतो. स्टीलचा पेला नको.

रविवारी पहाटे साडेपाचला निघालो. उन्हाच्या आत सोलापूर गाठायचं होतं. कॅन वर्तमानपत्रात गुंडाळून, खाली-वर जेलच्या पिशव्या लावून, डबा चिकटपट्टीने बंद करून डिकीत ठेवला. पाटस, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी. उजनीच्या पाण्यावर ऊन पडत होतं तेव्हा चहाला थांबलो. पुढे सावळेश्वरच्या टोलनाक्याला गाडीची काच खाली केली तर झळ आत आली, दहाही वाजले नव्हते. घरी आल्यावर डबा उघडला. कॅनला अजून गारवा होता. ते सरळ उभे करून फ्रीजच्या तळातल्या कप्प्यात ठेवले, दारात नाही. दार सारखं उघडतं आणि कॅन हलत राहतात.

२० एप्रिल, संध्याकाळ

दिवसभर बाहेर बेचाळीस अंश होतं. सहा वाजता गच्चीवर पाण्याच्या दोन बादल्या मारल्या. मुलगा क्रिकेटच्या शिकवणीला गेला होता. मी पोटभर खाऊन घेतलं होतं. रिकाम्या पोटी घेऊ नका.

ग्लास आदल्या दुपारीच धुवून ठेवायचा असं ठरवलं होतं, पण तो रविवारीच धुतला. खायच्या सोड्याने चोळून, भरपूर पाण्याने, आणि फडक्याने न पुसता उपडा घालून वाळवला. तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिला तर फेस टिकत नाही आणि काचेला आतून बुडबुडे चिकटून बसतात. आपल्या घरात फोडणीची वाफ सगळ्या भांड्यांवर बसलेली असते, त्यामुळे ही पायरी गाळू नका.

कॅन फ्रीजमधून काढून सात-आठ मिनिटं बाहेर ठेवला. थंडगार बियरचा वास बंद असतो. सातपासून दहा अंशांपर्यंत ती बोलायला लागते. थंड गावात पंधरा मिनिटं लागत असतील, सोलापूरच्या एप्रिलमध्ये सात पुरतात.

ग्लास तिरका धरून ओतली, अर्ध्यावर आल्यावर सरळ केला. रंग पातळ मधासारखा, किंचित गढूळ. वर बोटभर पांढरा फेस, ताकाच्या फेसापेक्षा घट्ट. मग नाक नेलं.

आधी साल आलं. संत्र्याचं नाही. जाड, तेलकट, जरा उग्र, लिंबापेक्षा मोठं काहीतरी. नाव ओठांवर होतं आणि आठवत नव्हतं. दुसऱ्यांदा हुंगलं तेव्हा त्याखाली एक हिरवट, चिकट वास होता, आणि तो मात्र लगेच ओळखला. कैरीचा देठ मोडल्यावर जो चीक बोटांना लागतो त्याचा. लहानपणी आम्ही आजोळी कैऱ्या उतरवायचो तेव्हा रात्री जेवतानासुद्धा हाताला तो वास यायचा. कोविडनंतर चार वर्षांत तो मला एकदाही आलेला नव्हता. कैऱ्या दरवर्षी घरात येतात, पण देठ वाळलेले असतात. मी ग्लास हातात धरून तशीच बसून राहिले. डोळे भरून आले होते. नवऱ्याने काही विचारलं नाही.

मग घोट घेतला. आधी गोडसर, भाजलेल्या धान्याचा, चुलीवरच्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा. मग वासातलं साल जिभेवर आलं. आणि गिळल्यावर कडू. पाडव्याच्या पाल्याचं कडू एकटं असतं, उघडं असतं. या कडूला खाली धान्याचा आधार होता, मेथीच्या लाडवात गुळाचा असतो तसा. ते चढलं, थांबलं आणि कोरडं होऊन गेलं. तोंडात पुढच्या घोटासाठी जागा करून गेलं. कॅनवर कडूपणाचा आकडा पंचावन्न लिहिला होता. आपल्याकडच्या नेहमीच्या बियरचा यापेक्षा बराच कमी असतो.

आई तोवर जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, "आई, पिऊ नका, नुसता वास घ्या. मला नाव आठवत नाहीये." त्यांनी आधी मान हलवली. मग पदर सावरून ग्लास जवळ आणला, पण हातात धरला नाही, माझ्याच हातात ठेवून वाकल्या.

"ईडलिंबू," त्या म्हणाल्या. "ईडलिंबाचं साल. आमच्याकडे लोणचं घालायचे. सोलताना डोळ्यांत उडायचं."

अगदी तेच होतं.

सोबत मी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेतली होती. सोलापुरात दुसरं काय घेणार? पण ते जमलं नाही. कडू आणि अल्कोहोल दोन्ही तिखटाला भडकवतात. चटणीची धग दुप्पट झाली आणि वास सगळा त्यात बुडाला. नुसत्या खारवलेल्या, भाजलेल्या शेंगांबरोबर छान लागलं. भाकरी-दह्याबरोबरही.

मी अर्धा कॅन प्यायले, अर्धा नवऱ्याने संपवला. ६.२ टक्क्यांच्या ३३० मिलीत जवळजवळ १६ ग्रॅम अल्कोहोल जातं, आणि मला सवय नव्हती. अर्ध्या तासाने कान गरम झाले, बाकी काही नाही. त्या रात्री आम्ही दोघांनीही गाडीला हात लावला नाही. कुठली औषधं चालू असतील, गरोदरपण असेल, किंवा घरात व्यसनाचा इतिहास असेल तर नुसता वास घेऊनही खूप काही मिळतं. आईंनी तेवढंच घेतलं.

हिशेब लिहिते, सवयीने: परवाना शंभर, पहिला गेलेला कॅन दोनशे तीस, चार कॅन आठशे चाळीस, ग्लास तीनशे पन्नास. एकूण १,५२० रुपये. प्रवास धरलेला नाही, कारण जायचं होतंच.

उरलेल्या तीनपैकी दोन मे महिन्यात सरले, एक वहिनी आली तेव्हा आणि एक आम्ही दोघांनी. शेवटचा मी मुद्दाम ठेवला, फ्रीजच्या तळाशी, वर तारखेची चिठ्ठी चिकटवून. १५ जूनला, रविवारी, उघडला. भरून अडीच महिने झाले होते, आणि आमच्याकडे आल्यापासून तो एकदाही फ्रीजबाहेर नव्हता. तोच ग्लास, तीच सात मिनिटं. बाहेर पाऊस पडून गेला होता. चीक जवळपास गेला होता, गोडी पुढे आली होती. साल होतं, पण सावलीइतकं, आणि ते खरंच आहे की मला आठवतंय म्हणून आहे, हे मला ठरवता येईना. आईंना हाक मारली. या वेळी त्यांनी ग्लास स्वतःच्या हातात घेतला, डोळे मिटून हुंगला आणि परत दिला.

"गेलं की गं ईडलिंबू."